क्लॅट की सीईटी? बीडच्या पोरांनी काळा कोट कोणत्या दाराने घालायचा?

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की बीड जिल्ह्यात एकच चर्चा सुरू होते. कुणाला किती मार्क पडले, कुणाचा अंबाजोगाईच्या मेडिकलला नंबर लागेल, कुणाला पुन्हा वर्षभर लातूरला क्लासला ठेवायचे! आमच्या वस्त्याही याला अपवाद राहिलेल्या नाहीत. डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, जरूर व्हावे. पण ज्या महामानवाची प्रतिमा आपण घराघरांत लावतो ते बॅरिस्टर होते, १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, हे जयंतीच्या भाषणात सांगणाऱ्या आपल्यापैकी दहा पालकांना विचारा की वकिलीच्या प्रवेश परीक्षा कोणत्या, त्या कधी होतात, कोणत्या भाषेत होतात. एकालाही धड सांगता येणार नाही. नीटमध्ये दोनदा आपटल्यावर पोराला आमच्यापुढे उभे केले जाते आणि बाप म्हणतो, "वकीलसाहेब, आता याला लॉ तरी करू द्या." या 'तरी'चा आम्हाला मनस्वी राग येतो.

कारण कोर्टात उभे राहिल्यावर काय दिसते ते आम्हाला ठाऊक आहे. २०१४ साली खर्ड्यात आपल्या कोवळ्या पोराचा खून झाला. खर्डा जामखेड तालुक्यातले, म्हणजे आपल्या पाटोदा-आष्टीच्या शिवेला लागून. २०१७ मध्ये साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. पण मोर्चा काही उलटतपासणी घेत नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आहे, १९९५ च्या नियमांप्रमाणे पीडितांच्या मागणीवरून जिल्हाधिकारी नामांकित वकील नेमू शकतात. हे मागायला, मागून मिळवायला आणि मिळाल्यावर टिकवायला तालुक्या-तालुक्यात आपले तयारीचे वकील लागतात. ते नीटमधून उरलेल्या पोरांतून तयार होतील काय?

तेव्हा आधी दारे समजून घ्या. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा. राज्यातल्या विधी महाविद्यालयांसाठी २०१६ पासून राज्याची सीईटी द्यावी लागते; पूर्वी नुसत्या मार्कांवर प्रवेश होत असे. दुसरे दार क्लॅटचे. ही परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली आणि देशातल्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश तिच्यातून होतात. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठे आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. संभाजीनगरचे २०१७ मध्ये सुरू झाले, बीडहून एसटीने तीन-चार तासांवर. त्यात महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी जागा आहेत, अनुसूचित जातींसाठीही आहेत. पात्रतेची अटही आपल्या पोरांच्या आवाक्यातली, बारावीला ४० टक्के. मग अडते कुठे?

अडते भाषेवर. सीईटीची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असते, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. क्लॅट फक्त इंग्रजीत. दोन तासांत १२० प्रश्न, चुकले की पाव मार्क वजा. आणि प्रश्नही कसे? आधी लांबलचक उतारा वाचायचा, मग त्यावर उत्तरे द्यायची; चालू घडामोडींनाही उतारा, कायद्यालाही उतारा. म्हणजे ही परीक्षा बुद्धीची जेवढी, तेवढीच इंग्रजी भरभर वाचण्याच्या सवयीची. शिरूर कासारच्या किंवा धारूरच्या जिल्हा परिषद शाळेतला मुलगा तर्कात कमी पडत नाही, तो तिसऱ्या उताऱ्यालाच दमतो.

आता गंमत पाहा. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरली. बीडच्या कोर्टात साक्ष मराठीत, फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत. वकील झाल्यावर बार कौन्सिलची जी अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते, तीही मराठीत देता येते. म्हणजे वकिली करायला मराठी चालते, सनद टिकवायला मराठी चालते, फक्त राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या दारात मराठी चालत नाही! भारतीय भाषांत क्लॅट घ्यावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, २०२३ मध्ये खुद्द बार कौन्सिलने त्या मागणीला पाठिंबा दिला. नीट २०१७ पासून मराठीत होते, जेईई मेनही मराठीत होते. भौतिकशास्त्राचे भाषांतर जमते आणि तर्काच्या उताऱ्याचे जमत नाही, हे कुणाला पटेल? बरे, इंग्रजीत तरी पेपर निर्दोष काढावा. २०२५ च्या क्लॅटमधल्या चुकीच्या प्रश्नांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने पेपर काढणाऱ्यांच्या बेफिकिरीबद्दल नाराजी नोंदवली.

आमचे काही मित्र यावर म्हणतात, ही परीक्षाच प्रस्थापितांची, आपण तिच्या वाटेला जाऊच नये. त्यांचा संताप खरा आहे, सल्ला घातक आहे. त्या विद्यापीठांत आपल्या राखीव जागा आहेत, त्या आपण नाही घेतल्या तर सोडल्यासारखेच. दुसरे टोकही तितकेच वाईट. राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळाले तरच वकिली, नाहीतर आयुष्य वाया, असे शहरी क्लासवाले पोरांच्या डोक्यात भरवतात. १४ मे २०२५ रोजी भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले, त्या पदावर बसलेले पहिले बौद्ध. ते अमरावतीच्या नगरपालिका शाळेत शिकले, कायदाही अमरावतीतच शिकले. क्लॅट तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती.

मग निवड कशी करायची? आमचे मत स्पष्ट आहे. बीडच्या मुलाने सीईटी हा पाया धरावा आणि क्लॅट ही जोड. अभ्यास बराचसा एकच आहे: कायद्याचा कल, तर्क, सामान्य ज्ञान, इंग्रजी. फरक वाचनाच्या वेगाचा. तो वेग पुण्यातल्या महागड्या क्लासमध्ये तीन महिन्यांत येत नाही. नववीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख वाचला तर येतो. विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर पोरांना हे वाचायला बसवायला कुणाची परवानगी लागते? अकरावीच्या शेवटी जुना पेपर वेळ लावून सोडवून पाहावा. सगळे उतारे वेळेत वाचून होत असतील तर क्लॅटचा अर्ज भरावा. अर्धेच होत असतील तर घरच्यांना कर्जात न घालता सगळा जोर सीईटीवर लावावा. एकाच परीक्षेसाठी वर्ष वाया घालवणे तर आम्हाला मुळीच मान्य नाही. पदवी घेऊन तीन वर्षांच्या सीईटीला बसता येतेच, आणि तोवर इंग्रजीही सुधारते.

वेळापत्रक मात्र आपल्या जिल्ह्याच्या हिशेबाने पाहिले पाहिजे. क्लॅट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते, अर्ज ऑगस्टपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. दसरा झाला की टोळ्या कारखान्यावर निघतात. आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात, घरी म्हातारी आजी आणि बारावीचे पोर. २०२६ च्या क्लॅटचा अर्ज अनुसूचित जातीच्या मुलाला ३,५०० रुपयांना होता, खुल्या प्रवर्गाला ४,०००. सवलत किती, तर पाचशे रुपये! सीईटीचा खर्च त्यापेक्षा कितीतरी कमी. क्लॅटला नंबर लागल्यावर समुपदेशनासाठी पुन्हा हजारांत पैसे आगाऊ भरावे लागतात. मुकादमाची उचल हातात असते तेव्हाच हे पैसे बाजूला काढले नाहीत तर पुढे ते निघत नाहीत. सीईटी मात्र उन्हाळ्यात येते, तोवर बहुतेक कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो.

प्रवेशानंतरच्या खर्चासाठी भारत सरकार शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासूनची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिचे पैसे वेळेवर येत नाहीत, त्यासाठी समाजकल्याणच्या दारात पोरांना बसावे लागते, ही वेगळी लढाई. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या टॉप क्लास योजनेत काही राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. पसंतीक्रम भरण्याआधीच त्या यादीत नाव पाहून घ्या.

आणि कागदपत्रे. जात पडताळणीचे प्रस्ताव विज्ञानाच्या मुलांचे कॉलेजमधूनच जातात; वकिलीकडे येणारा मुलगा बहुधा कला शाखेचा, त्याला कुणी विचारतच नाही आणि ऐन प्रवेशाच्या वेळी तो समितीच्या खिडकीपुढे उभा असतो. अकरावीतच चौकशी करून प्रस्ताव दाखल करा. महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठात जागा लागली तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचे संरक्षण मिळाले आहे, परंतु दाखल्यावर मूळ जातीची नोंद असावी लागते. नुसते 'बौद्ध' लिहिलेला कागद तिथे अडतो. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापासून सगळे कागद आईबाप फडावर जाण्याआधी गोळा करून ठेवा. एकदा टोळी निघाली की सही घ्यायला कर्नाटकात जावे लागते.