महागडे घड्याळ : प्रकृतीला कितपत उपयोगी?

"डॉक्टर, आईला स्मार्टवॉच घ्यावे म्हणतो. दोन हजारांचे पुरेल, की चाळीस हजारांचे घेऊ?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वरचेवर येतो. विचारणारा बहुधा पुण्या-मुंबईकडे नोकरीला असतो आणि आईवडील गावी असतात. त्याची काळजी खरी असते. दुकानदार मात्र सांगतो की नाडी, ईसीजी, रक्तदाब, ऑक्सिजन, झोप असे सारे या घड्याळात कळते. यातले खरोखर काय कळते आणि काय कळत नाही, हे पैसे मोजण्यापूर्वी समजून घेतलेले बरे.

घड्याळ नाडी कशी मोजते?

घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना आपण पाहिला असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटाच्या त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांत रक्त भरते व तेवढ्यापुरता परत येणारा प्रकाश कमी होतो. हा चढउतार मोजून घड्याळ नाडीचा वेग सांगते. माणूस शांत बसलेला असेल आणि पट्टा नीट बसला असेल, तर चांगल्या घड्याळातील हा आकडा बराच विश्वासार्ह असतो. पट्टा सैल असला, हात सारखा हलत असला किंवा मनगटावर दाट गोंदण असले, तर आकडा चुकू शकतो.

पावले मोजण्याचे कामही ही घड्याळे ठीक करतात. आता रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, असा अनेकांचा समज आहे. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारे' असा होता. अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रोज सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. सुमारे ७५०० पावलांनंतर फायदा आणखी वाढताना दिसला नाही. तेव्हा गुडघे धरून दहा हजारांचा हट्ट करू नये.

ईसीजीचे घड्याळ

काही महागड्या घड्याळांत ईसीजीची सोय असते. दुसऱ्या हाताचे बोट घड्याळावर अर्धा मिनिट धरले की ईसीजीची एक रेघ उमटते. दवाखान्यातील ईसीजी हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो, घड्याळ एका बाजूने. तरीही या एका रेघेचा एक चांगला उपयोग आहे. उतारवयात काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा वेळी हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. अशा रुग्णांना अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट असतो. हे ठोके कधी येतात, कधी जातात. दवाखान्यात येईपर्यंत सारे सुरळीत होते आणि ईसीजीत काहीच सापडत नाही. घड्याळात ती रेघ जपून राहते.

अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांच्या घड्याळांवरून केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याला 'नाडी अनियमित आहे' अशी सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर तपासणीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातील ३४ टक्के लोकांत हा दोष त्या पट्टीवर दिसला. म्हणून अशी सूचना आली तर घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. डॉक्टरांना दाखवावे.

'नाडी ठीक' म्हणजे हृदय ठीक नव्हे

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात किराणा दुकान चालवणारे एक गृहस्थ सकाळी माझ्याकडे आले. रात्री अकरापासून छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटत होते, घाम सुटला होता. बायको म्हणाली, दवाखान्यात जाऊ. यांनी घड्याळ पाहिले. नाडी ७८, ऑक्सिजन ९७. 'सगळे ठीक आहे, पित्त असेल,' म्हणून रात्र बसून काढली. ईसीजी काढला, तर हृदयविकाराचा मोठा झटका! मी तातडीने पुढे पाठवले. जीव वाचला, पण हृदयाचा काही स्नायू कायमचा निकामी झाला.

घड्याळ खोटे बोलले नव्हते. नाडी खरोखरच ७८ होती. झटका येतो तो हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबल्यामुळे, आणि त्या वेळी नाडी व ऑक्सिजन अगदी व्यवस्थित असू शकतात. ईसीजीच्या घड्याळालाही झटका ओळखता येत नाही. प्रसिद्ध कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेतच तसे लिहिलेले असते, पण ती वाचतो कोण? छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, धाप असे काही झाले, तर घड्याळाकडे पाहत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. मधुमेह्यांना कधीकधी दुखतही नाही, नुसता घाम आणि धाप असते. उपचार जितका लवकर, तितका स्नायू अधिक वाचतो.

रक्तदाब आणि साखर

दंडाला फुगणारा पट्टा न बांधता रक्तदाब सांगणाऱ्या घड्याळांवर औषध ठरवता येत नाही. युरोपमधील रक्तदाबतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी साधने उपचारासाठी वापरू नयेत असेच म्हटले आहे. घड्याळावरचा आकडा पाहून गोळी बंद करणारे रुग्ण मला भेटतात. असे कदापि करू नये. सुई न टोचता साखर सांगतो म्हणणारे घड्याळ तर घेऊच नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना तसा स्पष्ट इशारा दिला आहे.

मग घ्यावे की नाही?

१. चालण्याची गोडी लागावी एवढाच हेतू असेल, तर स्वस्त घड्याळ पुरेसे आहे.

२. वय साठीच्या पुढे असेल आणि अधूनमधून छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ईसीजीचे घड्याळ घेण्यात अर्थ आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, पडल्यास फोनवरून घरच्यांना कळवणारे घड्याळ उपयोगी पडते. मात्र ते वेळच्या वेळी चार्ज करणे आणि रोज बांधणे त्यांना जमले पाहिजे.

३. रक्तदाबाचा रुग्ण घरात असेल, तर आधी दंडावर बांधायचे साधे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणावे. दोन-अडीच हजारांत चांगले मिळते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे टेकून शांत बसावे आणि आकडे वहीत लिहून ती वही डॉक्टरांना दाखवावी.

४. आकडे पाहून ज्यांचा जीव घाबरतो, झोपेचे गुण कमी पडले म्हणून ज्यांची झोप उडते, त्यांनी घड्याळ न घेतलेलेच बरे.

उरलेल्या पैशांत घरातील चाळिशी ओलांडलेल्या सर्वांची वर्षातून एकदा साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. चाळीस हजारांच्या घड्याळापेक्षा त्या तपासणीतून प्रकृतीबद्दल कितीतरी अधिक कळते.