सॉफ्टनरचं पाणी माठात भरू नका

देहरंग धरणाचा तळ दिसू लागला की पनवेलमध्ये बोअरचं आणि टँकरचं पाणी वाढतं. मग साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. आणि मग दारोदार सॉफ्टनर विकणारे फिरू लागतात. विहारात बीपी मोजून घेताना बायका आम्हाला विचारतात, "ताई, घेऊ का मशीन?" काही घरांत ते हप्त्याने आलेलंही आहे आणि त्याचंच पाणी प्यायच्या माठात जातं आहे. आमची काळजी या माठाची आहे.

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त विरघळलं की पाणी जड होतं. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. पाणी त्यांच्यातून जाताना हे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. म्हणजे ही नुसती अदलाबदल आहे. काविळीचे, टायफॉइडचे, जुलाबाचे जंतू होते तसेच राहतात. खारटपणाही जात नाही. खाडीच्या बाजूच्या बोअरचं पाणी तोंडाला खारट लागत असेल तर सॉफ्टनरवर एक रुपयाही घालवू नका.

विकणारा हमखास मुतखड्याची भीती घालतो. जड पाण्याने माणसाचं आरोग्य बिघडतं याचा खात्रीलायक पुरावा जागतिक आरोग्य संघटनेलाही मिळालेला नाही. आपल्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला मानला आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतला आहे. जड पाण्याचा त्रास आहे तो साबण, कपडे, केस, गिझर आणि वॉशिंग मशीन यांना. तथागतांनी कालामांना सांगितलं तसं, कुणी म्हणतो म्हणून मानू नका, पडताळून पाहा. एका बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, कपड्याच्या साबणाचा थोडा कीस टाका (पावडर नको) आणि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली निवळ पाणी असेल तर पाणी हलकं. फेस कमी आणि पाणी दुधाळ असेल तर जड. धरणाच्या नळाचं पाणी बहुधा हलकंच निघेल. बोअरचं मात्र प्रयोगशाळेत तपासून आकडा लिहून घ्या. चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 ला आपल्याच जिल्ह्यात झाला. पाण्याबद्दल विचारायला आपण कशाला लाजायचं?

आता सोडियमचा हिशोब. दर 100 मिलिग्रॅम जडपणा काढताना लिटरमागे सुमारे 46 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. बोअरचा जडपणा 400 असेल तर लिटरला 184, आणि दिवसाला तीन लिटर प्यायलात तर साधारण 550 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसभरात, सगळं जेवण धरून, 2000 मिलिग्रॅमच्या आत राहावं असं सांगितलं जातं. धडधाकट माणसाला याने लगेच काही होणार नाही. पण बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या आजीने पापड-लोणचं सोडायचं आणि माठातून मीठ प्यायचं, याला काय अर्थ? बाळाला वरचं दूध द्यावं लागत असेल तर त्यातही हे पाणी नको. ओआरएसमध्ये मीठ मोजून घातलेलं असतं, तेही यात कालवू नका.

म्हणून पिण्याचा आणि स्वयंपाकाचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घ्या. प्लंबरला हे आधी सांगा, पाइप भिंतीत गेल्यावर कुणी ऐकत नाही. बिल्डिंगला सामाईक सॉफ्टनर असेल तर कमिटीकडे पिण्याच्या वेगळ्या लाइनची मागणी करा. पिण्याचं पाणी गाळून, खळखळून उकळा. उकळल्याने काही जडपणा तळाशी बसतो आणि जंतूही मरतात. आशाताईंकडून क्लोरीनचं औषध मिळालं तर बाटलीवरच्या मापाने टाका आणि अर्धा तास थांबा.

मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. मीठ किती आणि किती दिवसांनी, हे मशीनच्या पुस्तिकेत असतं. त्यासाठी सॉफ्टनरचं मीठ येतं तेच वापरा. जेवणाचं बारीक मीठ गोळा होऊन बसतं आणि मातकट खडेमिठाची घाण मण्यांत अडकते. धुतल्यावर पाणी खारट लागायचं थांबेपर्यंत वाहू द्या. ते गटारात सोडा, तुळशीला किंवा कढीपत्त्याला घालू नका, झाड जळेल. मिठाच्या टाकीवर झाकण हवंच, डासांसाठी आणि लहान मुलांसाठीही. पाणी लालसर येत असेल तर त्यातलं लोह मण्यांवर बसून ते निकामी करतं, अशा वेळी आधी फिल्टर लागतो. माळ्यावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब कमी असतो, तेवढ्यावर मशीन चालेल का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

साबणाची बाटली महिन्यातून एकदा सॉफ्टनरच्या पाण्यावरही करा. फेस कमी झाला की मणी धुवायची वेळ आली. पंधरा दिवस गावी जाऊन आलात तर आतलं साचलेलं पाणी आधी सोडून द्या, मिठाने एकदा धुवा, मगच आंघोळीला घ्या.