आजोबा गेला त्या वाटेवर

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. घरातलं लेकरू गेल्यावर रस्त्यावर बसणाऱ्याला कुणी शहाणपण शिकवू नये, मीही शिकवणार नाही. मला जिव्हारी लागलं ते त्यानंतरचं. 'पकडा आणि लांब नेऊन सोडा' हा उपाय नवाच सुचल्यासारखा पुन्हा बोलला जाऊ लागला. पिंपरखेड ज्यात येतं त्याच जुन्नर वनविभागात तो करून झालेला आहे. त्यातून काय निष्पन्न झालं हे मोजून, तपासून, छापून झालेलं आहे. आणि त्याच अभ्यासांच्या मालिकेतला सगळ्यांत गाजलेला बिबट्या माझ्या वसईच्या भुईवरून चालत गेलेला आहे.

आधीच्या काळात मी फार रेंगाळणार नाही. ब्रिटिश अमदानीत बक्षिसं लावून वाघ-बिबटे मारले गेले, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार थांबली, कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर-आंबेगावात ऊस उभा राहिला आणि उसात बिबट्यांच्या पिढ्या जन्मल्या. हे सगळं शंभरदा लिहून झालंय. खरी गोष्ट सुरू होते २००१ मध्ये.

फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात जुन्नर भागात शेतांतून, वस्त्यांजवळून १०३ बिबटे पिंजऱ्यात पकडले गेले. त्यांतले २९ आसपासच्या जंगलांत, सरासरी चाळीसेक किलोमीटरवर, नेऊन सोडले. हेतू चांगला होता. जंगलातलं जनावर जंगलात गेलं, माणूसही सुटला आणि तेही सुटलं, असा हिशोब. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हल्ल्यांच्या नोंदी तारखेनिशी मांडल्या. सोडणं सुरू होण्याआधी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. आधीच्या सहा महिन्यांत जितके जास्त बिबटे सोडलेले, तितके हल्ले जास्त. सोडण्याच्या जागेपासून जितकं दूर जावं तितके ते कमी, आणि जवळ झालेले हल्ले जिवावर बेतण्याची शक्यता अधिक. सोडणं थांबलं तसे हल्ले उतरले. २०११ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी केंद्राच्या पर्यावरण खात्याने बिबट्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही पकडून दुसरीकडे सोडण्याला आवर घालायला सांगितलं.

कारण समजायला अवघड नाही. बिबट्याला आपला मुलूख पायाखालचा असतो. पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसं कधी झोपतात, कुठल्या बांधावरून निघून जाता येतं, हे तो आईच्या मागे फिरून शिकलेला असतो. त्याला पिंजऱ्यात घालून, ट्रकमधून नेऊन अनोळखी रानात सोडलं की यातलं काहीच त्याच्या कामाचं राहत नाही. तो परतीची वाट धरतो, आणि ती वाट अनोळखी गावांतून जाते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा धरतो.

त्याच वर्षांत वसईच्या खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मरत होती. जून २००४ हा सगळ्यांत वाईट महिना. आमच्या पूर्वेच्या पाड्यांवर भीती पसरली. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या चाळींत मुलांना दिवेलागणीनंतर बाहेर पाठवेनात. मी तेव्हा एका स्थानिक साप्ताहिकात लिहीत होतो. अशाच एका पाड्यावरच्या सभेत एका पुढाऱ्याने टेबलावर हात आपटून प्रत्येक पाड्याला एक पिंजरा मागितला आणि टाळ्या घेतल्या. सभा संपल्यावर एक वारली आजी मला म्हणाली, "बाबा, वाघाला घालवून कसा चालंल? तो इथलाच हाय. पोरांना संध्याकाळी घरात घ्यायचा, एवढाच." मी तिचं म्हणणं बातमीत घातलं. छापताना ते गळलं, पिंजऱ्यांची मागणी मात्र मथळ्यात गेली. त्या मथळ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता २००९. त्या उन्हाळ्यात वसईत दुसरा कुठलाच विषय नव्हता. महापालिका होणार होती, गावं वगळा की ठेवा यावरून घराघरांत भांडणं होती. ३ जुलैला वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. आणि त्याच्या काही आठवडे आधी, आमच्यापैकी कुणालाही पत्ता न लागता, एक बिबट्या आमच्यातून गेला होता.

पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ तो विहिरीत पडला होता. बाहेर काढल्यावर त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधली, ओळखीसाठी कातडीखाली चिप घातली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला त्याला माळशेज घाटात सोडलं. वयस्क, शांत जनावर म्हणून संशोधकांनी त्याला आजोबा म्हटलं. तो माळशेजला थांबला नाही. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याचे रूळ ओलांडले, डोंगर धरत पश्चिमेला तुंगारेश्वरात आला. तिथून मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून जाऊन खाडी पोहून पार केली आणि राष्ट्रीय उद्यानात शिरला. साधारण १२० किलोमीटर, महिन्याच्या आत. सगळ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही.

ही वाट मी कित्येकदा नकाशावर बोटाने गिरवली आहे. कामण, चिंचोटी, बापाणे, ससूनवघर. रात्रपाळीचे कामगार सुटतात, टपऱ्या पहाटेपर्यंत चालू असतात, ट्रकांची रांग कधी तुटत नाही. या सगळ्यातून एवढं मोठं जनावर जातं आणि कुणी ओरडत नाही. इथे बिबट्या असूच शकत नाही, वनखात्याने गुपचूप आणून सोडला, असं छातीठोक सांगणारे लोक मला त्या काळात रोज भेटत. कॉलरच्या ठिपक्यांनी त्यांना उत्तर दिलं. वसई ही बिबट्याची येण्याजाण्याची वाट आहे, आणि आपल्या इमारती त्या वाटेवर उभ्या आहेत.

याच वर्षांत अकोले तालुक्यात, संगमनेरच्या पलीकडे, जिथे नाव घेण्याजोगं जंगल नाही आणि चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात, तिथे कॅमेरा ट्रॅप लावले गेले. उसाच्या आणि टोमॅटोच्या त्या मुलखात १०० चौरस किलोमीटरमागे जवळजवळ ५ प्रौढ बिबटे निघाले आणि तितकेच तरस. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून कळलं की खाण्याचा ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. कॉलर लावलेले जे बिबटे मूळ जागी राहिले, त्यांचा वावर ८ ते १५ चौरस किलोमीटरमध्येच होता. पोट गावाच्या उकिरड्याभोवती भरत असेल तर लांब कशाला जायचं? जे दोन दुसरीकडे नेऊन सोडले होते, ते सरळ रेषेत मोजलं तर ४५ आणि ८९ किलोमीटर दूर गेले.

या कामात नॉर्वेचे शास्त्रज्ञ सोबत होते, जॉन लिनेल आणि मॉर्टन ओडन. ज्या देशाच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर हिमअस्वलांवर वर्षानुवर्षं काम चालतं, त्या देशाची माणसं अकोल्याच्या बांधांवर उभी होती, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं आणि मी हिमअस्वलांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. कॉलर तिथे माद्यांनाच बांधतात, कारण नराची मान डोक्यापेक्षा जाड असते आणि पट्टा निसटून पडतो. पण मला खिळवलं ते कॅनडातल्या चर्चिलने. हडसनच्या उपसागराकाठी हजाराच्या आत वस्तीचं हे गाव. शरद ऋतूत बर्फ गोठायची वाट पाहत अस्वलं तिथे येतात. गावात शिरणाऱ्यांना पकडून कोंडून ठेवतात, मग हेलिकॉप्टरने उत्तरेला सोडतात. त्यांतली काही परत येतात. गावालगत उघडा उकिरडा होता, तिथे अस्वलं रोज चरायची. २००५ च्या सुमारास तो बंद करून कचरा आत, बंदिस्त जागेत घेतला.

याहून मोठी गोष्ट आहे तिथल्या सातत्याची. इयान स्टर्लिंग आणि त्यांच्यासारख्यांनी तीच अस्वलं, त्यांची वजनं, चरबी, पिल्लं दशकानुदशकं मोजली. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण १,२०० अस्वलं होती, २०१६ च्या मोजणीत ८४२ आणि २०२१ च्या मोजणीत ६१८. बर्फ उशिरा गोठतो, लवकर वितळतो, सील पकडायचे दिवस कमी होतात, मादी हडकते, पिल्लं जगत नाहीत. हे एखाद्या उन्हाळ्यात कळलेलं नाही, चाळीस वर्षं कुणीतरी तिथे जात राहिलं म्हणून कळलं. आमच्याकडे हल्ला झाला की निधी येतो आणि बातमी शिळी झाली की संपतो.

डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. चिपवरून ओळख पटली. तो आजोबा होता. खाडी पोहून गेलेलं ते जनावर अडीच वर्षं या शहराच्या कडेने जगलं आणि रस्त्याने त्याला मारलं. मी त्या आठवड्यात एक लेख लिहिला. महामार्गाखालून जनावरांना वाट ठेवा, चिंचोटी ते वर्सोवा पूल या पट्ट्यात मेलेल्या प्राण्यांची नोंद ठेवा, एवढंच त्यात मागितलं होतं. त्यावेळच्या संपादकांनी 'जाहिरातीच्या पानामुळे जागा नाही' असं सांगून तो परत दिला. जाहिरात पूर्वेच्या एका गृहसंकुलाची होती, डोंगराच्या पायथ्याशी.

नंतरची वर्षं भराभर सांगतो. मे २०१४ मध्ये सुजय डहाके यांचा 'आजोबा' चित्रपट आला, उर्मिला मातोंडकर संशोधकाच्या भूमिकेत होती. वसईत लोकांनी तो पाहिला. ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा झाला. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात उद्यान परिसरात ३५ बिबटे मोजले गेले. त्याआधीपासून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमातून वनखातं, संशोधक आणि पत्रकार एकत्र बसू लागले होते. पिंजऱ्याच्या जागी दिवे, स्वच्छता, पाड्यांवरचं बोलणं आलं, आणि पलीकडे हल्ले कमी झाले. २०२१ मध्ये उद्यानातल्या सावित्री आणि महाराजा या बिबट्यांना कॉलर लागल्या. त्याच वर्षी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघरमधल्या, वारली ज्याला देव मानतात त्या वाघोबाच्या दीडशेहून अधिक ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या आजीचं म्हणणं शेवटी कुणीतरी छापलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग मार्च २०२४ च्या अखेरीस बिबट्या वसईच्या किल्ल्यातच दिसला. जवळजवळ साडेतीन आठवडे तो तिथे होता. वनखात्याने कॅमेरे लावले, पिंजरे लावले, किल्लाबंदरच्या रस्त्यावर गस्त घातली आणि कुणाचा जीव न जाता एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात तो पिंजऱ्यात आला. त्या कर्मचाऱ्यांनी दाखवलेला धीर मोठा होता. पण गावात महिनाभर जे बोललं गेलं ते पिंजऱ्याबद्दल. तुंगारेश्वर आणि किल्ला यांच्या मध्ये महामार्ग, कारखाने, रेल्वे आणि २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर गेलेलं शहर आहे. खाडीचा काठ धरला तर मात्र मिठागरं आणि तिवरांची झाडी आहे. त्या काठावर भराव कुठे पडतोय हा प्रश्न मी दोन सभांत विचारला. दोन्ही वेळा मला विषयावर या असं सांगण्यात आलं.

तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य झालं, ८५ चौरस किलोमीटरचं. त्याच्या पायथ्याशी गोखिवऱ्याला पालिकेचं डम्पिंग ग्राउंड आहे. कचऱ्यावर कुत्री आहेत, कुत्र्यांवर बिबट्या येणार, हे अकोल्यात टक्क्यांनिशी मोजून झालं आहे. आजोबाच्या वाटेवर किंवा तिच्या आसपास त्यानंतर काय काय आलं आणि येतंय: मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, विरार-अलिबाग कॉरिडॉर, विरारचं बुलेट ट्रेनचं स्थानक. या प्रत्येक कामाच्या आराखड्यात कामण ते खाडी या पट्ट्यात जनावरांसाठी रस्त्याखालून आणि रुळांखालून वाटा हव्यात, त्यांच्या जागा कॉलरच्या नोंदींवरून ठरायला हव्यात, आणि त्या नोंदींसाठी तुंगारेश्वरातल्या बिबट्यांना कॉलर लागायला हव्यात, एका हंगामापुरत्या नाही, वर्षानुवर्षं. डम्पिंग ग्राउंड बंदिस्त करायला तर कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको, ते पालिकेचंच काम आहे. आणि जुन्नरचे बिबटे दुसरीकडे सोडायचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी वर्षाला ४ चे १७ कसे झाले होते ते पिंपरखेडच्या त्या घरांसमोर उभं राहून आधी वाचून दाखवावं.