खेळण्यांतील अंतराळकुपी

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन हे अमेरिकन अंतराळवीर ‘फ्रेंडशिप ७’ या कुपीतून पृथ्वीभोवती तीन प्रदक्षिणा घालून सुखरूप परतले. असा प्रसंग खेळण्यांच्या साहाय्याने पुन्हा उभा करून त्याचे छायाचित्र घेणे, हा काही हौशी लोकांचा छंद आहे.

या छंदात प्रथम प्रमाण पाळावे लागते. अमेरिकेत १९६४ मध्ये आलेला ‘जी. आय. जो’ हा बाहुला सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या उंचीच्या साधारण एक-षष्ठांश आहे. मूळ कुपीच्या तळाचा व्यास सुमारे १.९ मीटर होता. म्हणून प्रतिकृतीचा तळ ३२ सेंटिमीटरांच्या आसपास असावा. बाहुला आत बसवताच अंतराळवीराला किती अपुरी जागा मिळाली होती, हे ध्यानात येते.

दुसरी बाब प्रकाशाची. अवकाशात हवा नसल्याने प्रकाश विखुरत नाही व सावल्या रेखीव पडतात. त्यामुळे काळ्या कापडापुढे एकाच बाजूने प्रखर दिवा लावतात.

तिसरी बाब तपशिलाची. परतीपूर्वी कुपीचे उष्णतारोधक कवच सैल झाल्याचा संकेत भूकेंद्राला मिळाला. ते जागच्या जागी राहावे, म्हणून त्यावर पट्ट्यांनी बांधलेला, एरवी सोडून दिला जाणारा अग्निबाणांचा संच तसाच ठेवण्यात आला. पुढे तो संकेत चुकीचा ठरला. खेळण्यावर या पट्ट्या मुद्दाम चिकटवाव्या लागतात. त्या गाळल्या, तर कुपी हुबेहूब दिसेल. परंतु ग्लेन यांच्यावर ओढवलेले संकट चित्रात उमटणार नाही.