हरवलेले ६०

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात कॅल्क्युलसला गडगडलेल्या मुलाची वही उघडून पाहा. डेरिव्हेटिव्ह अनेकदा बरोबर असतो. घात होतो पुढच्या ओळीत, जिथे (अ + ब)² चं सरळ अ² + ब² झालेलं असतं. सूत्र शाळेत पाठ केलेलं, त्यामागचं चित्र मात्र डोळ्यांपुढे नाही.

१३ बाय १३ चा चौरस काढा. प्रत्येक बाजू १० आणि ३ अशी तोडा. आत मोठा चौरस १०० चा, छोटा ९ चा. झाले १०९. पण १३ चा वर्ग तर १६९! मग ६० कुठे गेले? १० बाय ३ च्या दोन पट्ट्या उरल्या ना, त्याच २अब. युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या दुसऱ्या खंडात नेमकं हेच भूमितीने सिद्ध केलं, तेही बीजगणिताची चिन्हं नसताना.

वर्गमुळाची गतही तीच: ९ + १६ चं वर्गमूळ ५, ७ नव्हे. शंका आली की अक्षरांच्या जागी छोटे आकडे घालून बघावेत. फक्त ० आणि १ नकोत. ० घातला की वरचं चुकीचं सूत्रही खरं ठरतं, आणि १ चा वर्ग १च, त्यामुळे विसरलेला घात लपून जातो.