गेटवरचे 168 तास

लालबाग-परळमध्ये चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला की गेट येतं आणि गेटबरोबर गार्ड. चाळीत दारं दिवसभर उघडी, कोण आलं-गेलं ते गॅलरीतून दिसायचं. आता मिलच्या जमिनींवर मॉल, ऑफिसं आणि टॉवर आहेत, आणि प्रत्येक फाटकाला चोवीस तास माणूस हवा आहे.

आमच्या सोसायटीच्या कमिटीत सिक्युरिटीची कोटेशनं तपासायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आधी गेटवर जाऊन बसले. रात्री आठला ड्युटी बदलते. सुटणारा गार्ड मीटर रूमच्या आणि गच्चीच्या किल्ल्या मोजून देतो, कुणाकडे पाहुणे अजून वर आहेत ते सांगतो, पाण्याची मोटर पहाटे कधी लावायची याची आठवण करतो आणि वहीत सही करतो. नवा गार्ड टॉर्च घेऊन पहिला राऊंड मारतो. त्या रात्री मात्र रिलीव्हर आलाच नाही. एजन्सीच्या फील्ड ऑफिसरचं फोनवर उत्तर आलं, "आज डबल कर." सकाळपासून उभा असलेला माणूस नळावर तोंड धुऊन आला, डब्यातली उरलेली चपाती खाल्ली आणि पुन्हा वही उघडून बसला.

घरी येऊन मी हिशोब मांडला. आठवड्याचे तास 168. एका माणसाचे 48. म्हणजे एका गेटला साडेतीन माणसं लागतात. सर्वांत स्वस्त कोटेशनमध्ये होती दोन, बारा-बारा तासांच्या पाळ्या, साप्ताहिक सुट्टी नाही. प्रत्येकाचे 84 तास भरतात. वरच्या 36 तासांना नियमाप्रमाणे दुप्पट दर लावला तर एकेकाला 120 तासांचा पगार द्यावा लागेल, दोघांना 240 तासांचा. साडेतीन माणसांना मात्र 168 तासांचाच. खरं तर दोन माणसं महाग पडायला हवीत. ती स्वस्त पडतात, कारण ओव्हरटाइमचे पैसे त्यांच्या हातात पडत नाहीत.

ही पिळवणूक राज्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 1969 च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला आणि त्यातून सुरक्षा रक्षक मंडळ आलं. त्यावर सरकार, मालक आणि रक्षक या तिघांचे प्रतिनिधी असतात. नोंदणी केलेली आस्थापना पगार आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरते. मंडळ गार्डला पगार देतं आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस भागवतं. यापेक्षा कमी नसलेले फायदे देणाऱ्या एजन्सीच्या गार्डांना कलम 23 खाली सूट मिळू शकते. म्हणून गार्ड एकमेकांना विचारतात, "बोर्डाचा की एजन्सीचा?"

2005 च्या केंद्रीय कायद्याने एजन्सीला परवाना सक्तीचा केला. विनापरवाना धंदा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2006 च्या आदर्श नियमांत गार्डच्या प्रशिक्षणाचे 160 तास ठरले, 100 वर्गात आणि 60 प्रत्यक्ष कामावर. आग लागली तर काय करायचं, हेही त्यात शिकवायचं असतं. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिल कंपाउंडच्या आगीत 14 माणसं गेली. ती आग आठवणाऱ्या परळकरांना या तासांची किंमत वेगळी सांगायला नको.

मग विमा. सोसायटी इमारतीचा विमा उतरवते. पहाटे तीनला ओल्या जिन्यावर गार्ड घसरला तर? ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असेल तर कामावरच्या दुखापतीत तो बरा होईपर्यंत मजुरीच्या 90 टक्के भत्ता मिळतो आणि उपचारही होतात. ईएसआयचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय इथेच परळमध्ये आहे. मालकाचा वाटा 3.25 टक्के, गार्डचा 0.75. स्वस्त कोटेशनमध्ये ही ओळ होती, पण आकड्याच्या जागी फक्त 'समाविष्ट' असं लिहिलेलं. गेटवरच्या गार्डला त्याचा ईएसआय नंबर विचारला, तर त्याला तो कधी कुणी दिलाच नव्हता.

कमिटीत मी तीन आठ तासांच्या पाळ्या आणि रिलीव्हर मागितला. "मेंटेनन्स वाढेल" हा आक्षेप लगेच आला, आणि तो खराच होता. वाढीव खर्च घरटी वाटून दाखवला तेव्हा कुठे चर्चा पुढे सरकली. तुमच्या सोसायटीतही एवढं करता येईल: करार करण्याआधी परवान्याची प्रत घ्या, महिन्याचं बिल पास करण्याआधी प्रत्येक गार्डचा पीएफ आणि ईएसआय भरल्याची पावती मागा. पावती नसेल तर बिल थांबवा. एजन्सी गार्डचं ऐकत नाही. चेकवर सही करणाऱ्याचं तिला ऐकावंच लागतं.