घर कोण बांधतो?

खंडाळा म्हटलें कीं पुष्कळ श्रोत्यांस बोरघाटांतील थंड हवेचें ठिकाण आठवेल. येथें अभिप्रेत आहे तें सातारा जिल्ह्यांतील, खंबाटकीच्या घाटाच्या पायथ्याचें खंडाळा. नोकरींतून मोकळा होऊन अशा गांवीं घर बांधूं इच्छिणारा गृहस्थ बहुधा प्रथम कंत्राटदारास गांठतो. नकाशापासून रंगापर्यंत सर्व कांहीं आम्हीच करूं, असें आश्वासन मिळतें आणि गृहस्थ निर्धास्त होतो. पुढील तंट्याचें बीज बहुधा या निर्धास्तपणांतच असतें.

पूर्वींच्या वाड्याचें काम उघडें असे. पाथरवटानें घडविलेला चिरा, गवंड्याचा ओळंबा, सुतारानें बसविलेली तुळई, सारें मालकाच्या डोळ्यांपुढें. सिमेंट आणि लोखंड आलें, व घराचें बळ दृष्टीआड गेलें. एकदां स्लॅब ओतला कीं आंतील सळई किती जाडीची व कोठें आहे, हें कोण पाहणार? म्हणूनच निरनिराळ्या जाणत्यांची गरज उत्पन्न झाली.

आर्किटेक्ट, म्हणजे वास्तुविशारद, हा केवळ नकाशा काढणारा नव्हे. ऊन कोणत्या खिडकींतून यावें, पावसाची झड कोठें अडवावी, म्हाताऱ्या माणसास जिना सोसेल काय, हा विचार त्याचा. १९७२ च्या कायद्यान्वयें वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीसच ही पदवी लावतां येते. ती नोंदणी पाहावयास मागण्यांत संकोच कसला?

घर उभें राहील कीं नाहीं, हा प्रश्न मात्र स्ट्रक्चरल इंजिनियरचा. पाया किती खोल न्यावा, खांबांत व तुळयांत लोखंड किती घालावें, हें तो भाराच्या गणितानें ठरवितो. लहान घरास त्याची काय जरूर, असें म्हणणाऱ्यांनीं ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवावी. कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यांत झाला, आणि मातींत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंतींनीं माणसें गाडलीं. १९९३ सालीं किल्लारीस तेंच घडलें. तीं घरें लहानच होतीं.

गणिताचा उपयोग कोठें होतो, याचें साधें उदाहरण सज्जाचें. भिंतीबाहेर आलेल्या सज्जांत मुख्य सळया वरच्या अंगास हव्यात, कारण ताण तेथें पडतो. काँक्रीट ओततांना मजूर त्यांवरून चालले कीं त्या खालीं दबतात. लोखंड तितकेंच, खर्च तितकाच. पण सज्जा पडावयास तेवढें पुरें होतें. ओतण्यापूर्वीं इंजिनियरनें येऊन पाहावयाचें तें हेंच.

कंत्राटदार माल व मजूर आणतो आणि ठरल्या मुदतींत काम पुरें करतो. त्याला दोष देण्याची रूढीच पडली आहे, तीही बरी नव्हे. गाळे पाडूनपाडून दर ठरविणारा मालकच त्याला काटकसर शिकवितो. तरी हितसंबंध ओळखून असावें. भारतीय मानकाप्रमाणें साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू साधारणतः सात दिवस, त्याहून मोठ्यास चौदा दिवस ठेवावयाचे असतात. कंत्राटदारास तेच टेकू दुसऱ्या कामावर न्यावयाचे असतात! ते केव्हां काढावे, हें त्यानें ठरवूं नये. तसेंच झालेल्या कामाचीं मापें त्यानेंच घ्यावीं व त्यानेंच बिल करावें, हेंही नको. मापें आर्किटेक्टनें वा मालकाच्या देखरेख्यानें तपासावीं आणि मग हप्ता द्यावा.

गवंडी, सळई बांधणारा, नळकाम करणारा, वायरमन हे कंत्राटदाराच्या हाताखालचे. त्यांस मालकानें परस्पर हुकूम सोडूं नयेत. खिडकी वीतभर सरकवा, असें जातांजातां सांगितलें, तर तिचा खर्च कोणी द्यावा यावर महिनाभर वाद चालतो.

सर्वांत शेवटीं येतो सजावटकार. स्वयंपाकघर व बैठक यांमधील भिंत काढून टाकली तर खोली प्रशस्त दिसेल, असें तो सुचवितो, आणि तें खरेंही असतें. ती भिंत नुसत्या आडोशाची आहे कीं वरचा भार पेलणारी, हें सांगणें मात्र त्याचें काम नव्हे. त्यासाठीं कपाटांतून इंजिनियरचा मूळ नकाशा काढावा लागतो.